भिंतीला पाजलेलं पाणी

हिवरा मिशनच्या देवळात शिरणाऱ्याला आधी वास यायचा, देव मागून दिसायचा. वास वटवाघळांचा. तीस हात उंच छताच्या कमानींत ती शेकड्यांनी लटकायची आणि खाली गुडघे टेकून बसलेल्यांवर काय टाकायची ते सांगायला नको. मनकर्णाबाई रोज सकाळी खराट्यानं ती घाण लोटायची, फरशी पुसायची आणि वर बघून म्हणायची, "हागा लेकहो, हागा. तुमाले कोन इचारते!" अडुसष्ट वर्षांची बाई, पण तोंड असं की पापं सांगायला बसली तरी फादरच तिला आवरतं घे म्हणायचे.

वटवाघळांची तिला किळस नव्हती. जन्म त्यात गेला होता. किळस होती ती उत्तमराव मास्तरची. हा मिशनच्या शाळेचा हेडमास्तर आणि देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी. अंगात भर उन्हाळ्यात कोट, आणि बोलणं असं शुद्ध की ऐकणाऱ्याला वाटावं, मूर्तिजापूर स्टेशन यानं फक्त नकाशात पाहिलं असेल. फादर म्हातारे, दोन्ही कानांनी बहिरे. त्यामुळे देवळाच्या किल्ल्या मास्तरच्या कमरेला आणि देवळाची अक्कलही मास्तरकडेच.

एकसष्ट सालच्या त्या उन्हाळ्यात मास्तरच्या अंगात शिरलेल्या बिशपला दुसरं वर्ष लागलं होतं. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती लोकांचा नवा बिशप आपली खुर्ची कोणत्या देवळात ठेवणार, ते ठरायचं होतं. ज्या देवळात बिशपची खुर्ची ते कॅथेड्रल, बाकीची नुसती देवळं. हिवऱ्याचं देऊळ आडगावात असलं तरी चांगलं मोठं आणि जुनं, म्हणून बिशप जूनच्या पहिल्या रविवारी ते पाहायला येणार होते. मास्तरला रात्रंदिवस ती खुर्चीच दिसत होती.

देऊळ होतंच तसं. साठ वर्षांमागे, छपन्याच्या दुष्काळात, फ्रान्सहून आलेल्या मोठ्या फादरांनी ते उपाशी माणसांच्या हातून बांधून घेतलं. दिवसाची मजुरी दोन ओंजळी ज्वारी. काळा दगड, चुन्याचे सांधे, वरून पाहिलं तर आकार क्रुसाचा. बारा खांब, बारा प्रेषितांचे. दार मुद्दाम ठेंगणं, राजा आला तरी त्यानं मान वाकवूनच आत यावं म्हणून. आत आलं की मात्र नजर आपोआप वर जायची. वेदीमागे पूर्वेच्या भिंतीत निळ्या-तांबड्या काचांची गोल खिडकी होती आणि सकाळच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, तिचा उजेड बरोबर फादरांच्या हातातल्या भाकरीवर यायचा. मोठे फादर म्हणायचे, हे देऊळ भुकेल्यांनी बांधलंय, पोट भरलेल्यानं इथं जपून पाऊल टाकावं. मनकर्णा तेव्हा सात वर्षांची. डोक्यावर चुन्याचं घमेलं घेऊन ती त्या परांचीवर चढलेली होती, म्हणून हे सगळं तिला तोंडपाठ.

दर्यापूरकडून ती आई-बापामागे निघाली होती. बाप वाटेत गेला, आई वाटेत गेली. दोन वर्षांच्या भावाला, पुंज्याला, कडेवर घेऊन पोरगी मिशनच्या दारात पोचली. तिसऱ्या दिवशी पुंज्याही गेला. "पानी, पानी" करत गेला, कारण पाण्याची रांग लांब होती आणि मनकर्णेचा नंबर मागे होता. सकाळी तिला जाग आली तेव्हा शेजारी पुंज्या नव्हता. कोणी नेला, कुठं नेला, सात वर्षांच्या पोरीला कोण सांगत बसतो!

भिंती उभ्या राहिल्यावर मोठ्या फादरांनी अशा सगळ्या उरल्या-सुरल्या पोरांना बोलावलं. भिंतीच्या पायथ्याशी देवळाभोवती चाळीस गोल दगड बसवले होते, प्रत्येकाच्या मधोमध लिंबाएवढं भोक. फादर म्हणाले, "तुमची माणसं इथं झोपली आहेत. पाण्यावाचून गेली आहेत. होळी झाली की दर शुक्रवारी त्यांना पाणी पाजायचं, नाव घेऊन पाजायचं. मिरग लागेपर्यंत चुकायचं नाही. तुम्ही पाजा, मग तुमची लेकरं पाजतील." प्रत्येकाला एकेक दगड नेमून दिला.

तेव्हापासून रीत पडली. शुक्रवारची मिस्सा सुटली की घरोघरची माणसं घागरी घेऊन आपापल्या दगडापाशी बसायची. भोकातून पाणी ओतायचं आणि म्हणायचं, "धोंड्या, पानी पे. उकंडे, पानी पे." रस्त्यानं जाणारे हिंदू, बौद्ध थांबून बघायचे. मनकर्णाबाईचं लग्न झालं, नवरा गेला, पोटी लेकरू झालं नाही. पण पुंज्याचा शुक्रवार तिनं तापातसुद्धा चुकवला नाही. आपल्यामागं त्याचं नाव घेणारं कोणी नाही, एवढीच तिला काळजी होती.

आणि ही रीत मास्तरनं मागच्या वर्षी बंद केली. सभा घेऊन म्हणाला, "लोक पिंपळाला पाणी घालतात, तसं तुम्ही दगडाला घालता. बिशपांनी पाहिलं तर काय म्हणतील? आणि ती नावं! धोंड्या काय, उकंडी काय! कॅथेड्रलला शोभतं का हे?" एवढ्यावर थांबला नाही. बिशपची मोटार दारापर्यंत यावी म्हणून देवळाभोवती चार हात रुंदीचा सिमेंटचा पट्टा ओतून घेतला. चाळीसच्या चाळीस दगड त्याखाली गेले.

मनकर्णाबाई आडवी आली होती. "मास्तर, माह्या भावाच्या तोंडावर शिमीट लिपून राहिला का रे तू?"

"मावशी, मेलेल्यांना तहान लागत नाही."

"तुले कसं ठाऊक? मेला होता काय तू?"

लोक हसले. पण हसून सगळे घरी गेले. शाळेतल्या नोकऱ्या मास्तरच्या हातात, मिशनच्या खोल्या मास्तरच्या हातात. पुढच्या शुक्रवारी मनकर्णाबाई एकटीच घागर घेऊन आली आणि अंदाजानं जागा धरून सिमेंटवर पाणी ओतलं. ते सरळ वाहत नालीत गेलं. मास्तरनं निरोप पाठवला, पुन्हा असं दिसलं तर खोली खाली करावी लागेल. तेव्हापासून तिला पाण्याचा घोट गोड लागेना.

औंदा मास्तरनं आत हात घातला. मोठ्या फादरांच्या काळ्याभोर खांबांना ऑइलपेंट. खांब पिस्त्याच्या रंगाचे, वरची फुलं गुलाबी, वेदीमागं निळ्यावर चंदेरी चांदण्या. रंगाचा वास आणि वटवाघळांचा वास मिळून असा काही दर्प सुटला की मिस्सेत एक बाई ओकली. मनकर्णाबाई बारा प्रेषितांपुढून खराटा घेऊन गेली आणि पदरानं नाक धरून म्हणाली, "शी! बुढ्याइले लाली-पावडर लावून बसवलं बाप्पा!" बिशपसाठी अमरावतीहून मखमलीची खुर्ची आली. पहिल्याच दिवशी तिच्यावर वरून प्रसाद पडला. मग मास्तरनं ती जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली.

आणि वैशाखात भिंत फाटली. दक्षिणेच्या खिडकीच्या कमानीपासून खाली फरशीपर्यंत भेग गेली, हाताचा पंजा आत जाईल एवढी. मास्तरनं सिमेंट भरून वर पिस्ता फासला. आठ दिवसांत ती पुन्हा उघडली आणि रंगाचे पापुद्रे लोंबायला लागले. बिशपला यायला पंधरा दिवस उरले होते. मास्तरची गाळण उडाली. कोटाच्या पाठीवर घामाचा डाग घेऊन तो मूर्तिजापूरला गेला आणि बांधकाम खात्यातल्या शेषरावला घेऊन आला.

शेषराव हा हिवऱ्याच्याच बौद्ध वस्तीतला, शिकून ओव्हरसियर झालेला. पोरगा शांत, कमी बोलणारा. मास्तरनं त्याला व्हरांड्यात बसवलं आणि चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. स्वतःचा कप वेगळा. मनकर्णाबाई तिथंच झाडत होती. मास्तरचा आजा आणि शेषरावचा आजा एकाच जातीतले, दोघेही विहिरीवरून हाकललेले, हे गावाला माहीत, मास्तरलाही माहीत. तिला वाटलं, उठावं आणि तो चहा मास्तरच्या कोटावर ओतावा. शेषरावनं कपाकडे पाहिलं, चहा तसाच ठेवला आणि म्हणाला, "भिंत दाखवा."

भिंत पाहून तो म्हणाला, पाया पाहावा लागेल, सिमेंट फोडा. मास्तरचा चेहरा पडला. मनकर्णाबाईला मात्र साठ वर्षांत झाला नव्हता एवढा आनंद झाला. तिनं मजुरांना दटावलं, "हयू खंदा रे पोट्टेहो. लेकराइची हाडं हायेत खाली. टिकास लागू देजा नोको." नवऱ्याचं पांढरं धोतर फाडून तिनं स्वच्छ धुवून आणलं. पुंज्याची हाडं सापडली की त्यात घ्यायची, पुन्हा नीट ठेवायची, वर त्याचा दगड मोकळा करायचा आणि दोन उन्हाळ्यांचं राहिलेलं पाणी पाजायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. दिवसभर ती खड्ड्याच्या काठावर धोतर मांडीवर घेऊन बसली.

सिमेंट निघालं. गोल दगड निघाला, तोच, तिचा. दगडाखाली भाजक्या मातीचा उभा नळ निघाला, जागोजाग भोकं पाडलेला. शेजारच्या दगडाखाली तसाच. त्याच्या शेजारी तसाच. सगळे नळ खाली पायाच्या दगडापर्यंत गेलेले. भोवती नुसती काळी माती, भेगाळलेली, ढेकळं दगडासारखी वाळलेली. पुरुषभर खणलं. हाड म्हणून एकच निघालं. मनकर्णाबाईनं ते पटकन धोतरात घेतलं.

शेषराव जवळ आला. "माय, ते बकरीचं हाये."

"मंग माहा भाऊ कुठी हाये?"

मास्तर मध्येच म्हणाला, "ते राहू दे. भिंत का फाटली ते सांगा."

शेषरावनं तिच्याकडे न बघता सांगितलं. दान म्हणून मिळालेली जमीन सगळी काळी. खालचा मुरूम फार खोल. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि एवढं दगडाचं ओझं वर असलं की भिंत चिरते. तिला बारा महिने सारखी ओल पाहिजे. म्हणून बांधणाऱ्यानं भिंतीभोवती चाळीस नळ पुरले आणि उन्हाळाभर त्यांत पाणी पडत राहील अशी तजवीज केली. "मोठं डोकं होतं त्याचं," शेषराव म्हणाला. "भिंतीले पानी घाला म्हनलं असतं, तर लोक दोन वर्षांत इसरले असते."

मनकर्णाबाईला समजायला वेळ लागला नाही. "म्हंजे भावाले पाजा म्हनलं, म्हनून साठ वर्सं पाजलं."

"हो, माय."

"हुशार मानूस," ती म्हणाली. "थू!" आणि खरंच थुंकली. ज्या माणसानं शिकवलेला क्रूस ती साठ वर्षं रोज कपाळावर करत होती, त्याच्या नावानं थुंकली. सात वर्षांच्या पोरीचं रडणं त्यानं चुन्यात कालवून भिंतीला लावलं होतं. ती तिथंच खड्ड्याच्या काठावर ओकली. शेषरावनं पाणी आणून दिलं, तर तिनं पेला हातानं दूर सारला.

शेषराव तिला खोलीवर पोचवायला गेला. दारात तिनं त्याचा हात सोडला नाही. "तुह्या आज्यानं, डोमाजीनं, दुष्काळात गाडी हाकली म्हनतात. सांग बापा. मी मरायच्या आंधी सांग."

शेषराव उंबऱ्यावर बसला. त्याच्या आज्यानं घरात सांगितलेलं होतं. रोज उजाडताना मिशनच्या मागल्या दारी तीस-चाळीस मुडदे असायचे. मोठे फादर स्वतः एकेकाच्या कपाळावर पाणी शिंपडायचे आणि डोमाजीच्या बैलगाडीत चढवायचे. एवढ्यांसाठी खड्डे खणायला कोणाच्या अंगात ताकद होती? म्हणून गाडी खदानीत रिकामी व्हायची. देवळाचा दगड ज्या खदानीतून काढला, तीच खदान. दगड वर आला आणि माणसं खाली गेली.

खदान म्हणजे देवळामागं दोनशे पावलांवरचा खड्डा. आता तिथं गावाची हागणदारी होती. मेली कुत्री, फुटकी मडकी, शाळेचा कचरा, सगळं तिथंच जायचं. शेषराव म्हणाला, "माय, कोनाले ठाऊक नोतं." मनकर्णाबाई म्हणाली, "मोठ्या फादरले ठाऊक होतं." त्या रात्री तिनं भाकरी केली नाही.

मास्तरनं मात्र दोन दिवसांत नवा डाव मांडला. भिंतीला पाणी तर घालायलाच पाहिजे होतं. त्यानं चाळीसही दगड मोकळे करून घेतले, विहिरीवर इंजिन बसवलं, रबरी पाइप आणला आणि सोमवार ते शनिवार भिंत भिजवली. भेगेवर तांबडा पडदा सोडला. मग मनकर्णाबाईच्या खोलीवर आला, नाक न मुरडता, हसत.

"मावशी, तुझंच खरं झालं. रविवारी बिशपांसमोर तू पहिली घागर ओतायची. मी त्यांना लिहून कळवलंय, आमच्या पूर्वजांच्या कबरींना आम्ही पाणी देतो, पुरातन परंपरा आहे."

"कबरी नाहीत तिथं. तू डोळ्यानं पाह्यलं."

"ते बिशपांना कशाला सांगायचं? भाव महत्त्वाचा. फक्त एक कर, नाव घेताना पुंज्या म्हणू नकोस. पॉल म्हण."

मनकर्णाबाईला एवढी किळस आली की तिनं धड शिवीही दिली नाही. "जाय," एवढंच म्हणाली. मास्तर त्याला होकार समजून गेला.

रविवारी सकाळी देवळावर आंब्याची तोरणं लागली, बँडवाले आले, अकोल्याहून मोटारी आल्या. मनकर्णाबाई फावडं आणि टोपलं घेऊन खदानीत उतरली होती. कोणत्या कोपऱ्यात पुंज्या आहे ते तिला माहीत नव्हतं, म्हणून ती एका कडेपासून सुरू झाली. ओलं, वाळलं, किडे पडलेलं, जे असेल ते फावड्यानं टोपल्यात भरायचं आणि वर नेऊन दूर टाकायचं. लोटा घेऊन आलेल्या दोन बाया काठावर थबकल्या. "बुढी चळली वाटते," म्हणत माघारी फिरल्या. उन्हं वर आली तशी घाण वाफाळली. माशा तिच्या तोंडावर बसायच्या. तिनं त्या हाकलल्या नाहीत, दोन्ही हात कामात होते. एका बैलगाडीएवढा तुकडा साफ झाला होता.

बँड थांबला. थोड्या वेळानं काठावर मास्तर आला. नवा कोट, बुटाला पॉलिश, नाकाला रुमाल.

"मावशी! काय मांडलंयस हे? बिशपसाहेब घागरीपाशी उभे आहेत. सगळे खोळंबलेत. हात धू आणि चल."

"त्याइले इथं आन."

"इथं? या हागणदारीत?"

"माहा भाऊ इथं हाये. पानी पाजाचं त इथंच पाजीन." तिनं फावडं टेकलं आणि कंबर धरून वर पाहिलं. "तुह्याबी चार आत्या इथंच हायेत, उत्तम. तूबी ये खाली."

रुमालामागून मास्तर म्हणाला, "माझं कोणी नाही इथं."

मनकर्णाबाई त्याला काही समजावायला गेली नाही. मास्तरचा बाप देवमन तिच्यासारखाच दुष्काळातून आलेला. त्याचा दगड तिच्या दगडाला लागून होता. चाळीस वर्षं दर शुक्रवारी तो चार घागरी आणायचा आणि एकेक नाव घेऊन ओतायचा. ती नावं तिला पुंज्याच्या नावाएवढीच पाठ होती. त्याच्याच सुरात ती म्हणाली, "चंद्रे, पानी पे. कचरे, पानी पे. ठगे, पानी पे. बारके, तुहं नाव ठेवाचं राह्यलं वं, तूबी पे."

मास्तरचा रुमाल नाकावरून खाली आला. ओठ हलले. तिला वाटलं, आता हा मटकन खाली बसेल, नाही तर बुटासकट खाली उतरेल. तिनं त्याला हात द्यायला हातसुद्धा लुगड्याला पुसले. मास्तरनं मागं वळून पाहिलं. देवळापाशी पांढऱ्या झग्यातला बिशप आणि त्याच्याभोवतीची गर्दी याच बाजूला बघत होती. तो खाली वाकला, आणि कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून निघाली नव्हती ती बोली निघाली.

"हयू बोल वं मावशे, हयू बोल. लोक आयकतीन."

मनकर्णाबाईनं फावडं बाजूला टाकलं. त्या घाणीतच पाय रोवून ती उभी राहिली, देवळाकडे तोंड केलं आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्या नावापासून पुन्हा सुरू झाली.